रवांडातले हिरवे लॅपटॉप आणि शेजारी बसलेलं मूल

द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक ट्रेनिंगला, केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. बालाघाटच्या डोंगरकडेच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत अशी पाळी माझ्यावर महिन्यातून तीन-चारदा येतेच. त्या दिवशी मी पहिली-दुसरीला तिसरी-चौथीच्या हवाली करतो. एकदा दुसरीतल्या एका मुलाला ‘हातचा’ काही केल्या कळेना. मी फळ्यावर पाच वेळा दाखवून थकलो. चौथीतल्या मुलीने त्याला व्हरांड्यात नेलं, चिंचोके मोजले, दहा चिंचोक्यांची फडक्यात पुरचुंडी बांधली आणि म्हणाली, ‘आता ही पुरचुंडी शेजारच्या घरी राहायला गेली.’ पोरगं हसलं आणि त्याला कळलं. मी पंधरा वर्षं शिकवतोय, पण मला हे सुचलं नव्हतं.

आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत मुलांना लॅपटॉप देण्याच्या मोहिमांबद्दल मी वाचू लागलो तेव्हा माझी नजर यंत्रापेक्षा त्याच्या शेजारी बसलेल्या मुलावर राहिली, ती यामुळे. मुलाच्या हातात यंत्र आणि बाजूला दुसरं मूल असलं की शिकणं आपोआप होईल, या भरवशावर एका अख्ख्या देशाने लाखो लॅपटॉप आणले. तो देश रवांडा. तिथे काय झालं आणि का झालं, हे मी जमेल तेवढं नीट मांडतो.

देश

पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले तर होईल जवळपास तेवढा हा देश. सगळा डोंगराळ, समुद्राला कुठूनच न लागणारा. मोहीम सुरू झाली तेव्हा लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती, त्यातले बहुसंख्य शेतकरी आणि शेतं आपल्या कोरडवाहू तुकड्यांपेक्षाही लहान. १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै अशा साधारण शंभर दिवसांत तिथे तुत्सी या अल्पसंख्याक समाजाचा वंशसंहार झाला. मृतांचा आकडा आठ लाखांच्या आसपास धरतात, तिथलं सरकार दहा लाखांहून जास्त सांगतं. कितीतरी शिक्षक मारले गेले, कितीतरी देश सोडून गेले. जीव वाचवायला लोक शाळांच्या आवारात जमले आणि काही ठिकाणी तिथेच कापले गेले. अशा देशाला शाळा पुन्हा उभी करायची होती.

२००० साली सरकारने ‘व्हिजन २०२०’ नावाचा आराखडा केला. बंदर नाही, खनिजं फारशी नाहीत, जमीन पुरत नाही. मग माणसाच्या डोक्यावरच देश उभा करायचा, माहिती तंत्रज्ञानाच्या बळावर, असा त्यातला विचार होता. पुढे देशभर ऑप्टिकल फायबर टाकलं गेलं. २००३ पासून प्राथमिक शाळेची फी गेली आणि वर्ग भरून वाहू लागले. एका शिक्षकामागे साठच्या आसपास मुलं झाली. खोल्या पुरेनात म्हणून २००९ पासून शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या: सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी.

या पार्श्वभूमीवर लॅपटॉपचा निर्णय मला वेडेपणाचा वाटत नाही. शिक्षक कमी, पुस्तकं कमी, मुलं भरपूर आणि घाई फार. अशा वेळी कोणी म्हणालं की एका डब्यात पुस्तकालय, वही, कॅमेरा आणि खेळ बसवून देतो, तर मीही ऐकून घेतलं असतं.

यंत्र

तो डबा होता एक्सओ. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही कल्पना मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप, गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्यासोबत त्याचा पहिला नमुना जगाला दाखवला गेला. प्रत्यक्षात किंमत शंभरावर कधी आलीच नाही, दोनशेच्या आसपास राहिली.

यंत्र मात्र मनापासून घडवलेलं होतं आणि ते नीट पाहायला हवं. पांढरा-हिरवा रंग, वजन दीड किलोच्या आसपास, दप्तरासारखं धरायला मूठ. झाकणाच्या दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना. कान खाली केले की झाकणाची कडी बसते आणि बाजूची छिद्रंही झाकली जातात, म्हणजे धूळ आत जात नाही. कळफलक अखंड रबराचा, पाणी सांडलं तरी बिघडू नये असा. पडदा उन्हात नेला की रंग जातात, पण अक्षरं काळी-पांढरी, ठळक दिसतात. झाडाखालच्या शाळेचा विचार कोणीतरी केला होता, हे त्यावरून कळतं. झाकणावर एक्स आणि ओ जोडून केलेलं माणसाचं चित्र असे, त्याच्या रंगांच्या चारशे जोड्या केल्या होत्या. पन्नास लॅपटॉपांच्या ढिगातून मुलाला आपला ओळखता यावा म्हणून.

आतली मांडणी ‘शुगर’ नावाची. त्यातला एक पडदा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव नेबरहुड, म्हणजे शेजार. तो उघडला की आसपासच्या प्रत्येक लॅपटॉपचं ते रंगीत माणूस पडद्यावर दिसायचं. कोण काय करतंय तेही कळायचं. एखादी मुलगी गोष्ट लिहीत असेल तर तिच्या परवानगीने तिच्या पानावर दुसऱ्यालाही लिहिता येई. इंटरनेट नसलं तरी लॅपटॉप एकमेकांना थेट जोडले जायचे. मुलं मुलांकडून शिकतील, ही कल्पना त्या यंत्राच्या पोटातच घातलेली होती.

या सगळ्यामागे सीमोर पेपर्ट यांचा विचार होता: मूल स्वतः काही घडवता घडवता शिकतं. आपल्याकडे २०१५ नंतर प्रत्येक जिल्हा परिषद शिक्षकाच्या तोंडी झालेला ‘ज्ञानरचनावाद’ त्याच घराण्यातला. त्यामुळे हे परकं तत्त्वज्ञान होतं असं कोणी म्हणू नये. फरशीवर रंगवलेली आमची मुळाक्षरं आणि मुलाने आज्ञा देऊन पडद्यावर चालवायचं पेपर्ट यांचं कासव एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली आहेत.

काय घडलं

२००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एक योजना निघाली. ३९९ डॉलर भरा, एक लॅपटॉप तुम्हाला, एक गरीब देशातल्या मुलाला. त्यातले काही रवांडाला पोचले. २००८ पासून सरकारने स्वतःची खरेदी सुरू केली. अध्यक्ष पॉल कागामे यांचा पाठिंबा उघड होता. राजधानी किगालीत मोहिमेचं केंद्र उभं राहिलं. प्राथमिकच्या वरच्या वर्गांना, म्हणजे चौथी ते सहावीला, लॅपटॉप द्यायचे ठरले. काही वर्षांत आकडा एक लाखावर गेला आणि २०१४ पर्यंत दोन लाखांच्या पुढे, चारशेहून जास्त शाळांत. आफ्रिकेत एक्सओचं एवढं मोठं वाटप दुसऱ्या कोणत्याही देशाने केलं नाही.

किगालीतल्या कागुगू प्राथमिक शाळेचे त्या काळातले फोटो आजही पाहायला मिळतात. निळ्या गणवेशातली मुलं, प्रत्येकापुढे हिरवे कान उभे केलेला लॅपटॉप, काही मुलं बाहेर गवतावर बसलेली. त्या फोटोंतला आनंद खरा आहे, त्यावर मला शंका नाही. माझ्या वर्गात पहिला टॅब आला त्या दिवशीचे चेहरे मला आठवतात.

पण दोन लाख हा आकडा मुलांच्या संख्येशेजारी ठेवून बघा. रवांडात प्राथमिकला तेवीस-चोवीस लाख मुलं होती. म्हणजे दहातल्या एकालाही लॅपटॉप नाही. ‘प्रत्येक मुलाला एक’ हे मोहिमेच्या नावातच होतं आणि तिच्या पाच तत्त्वांत लॅपटॉप मुलाच्या मालकीचा असावा, घरी न्यावा, हेही होतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लॅपटॉप शाळेतच राहिले, कुलपात.

का राहिले, हे समजायला शिक्षक असावं लागत नाही, पण असला तर लवकर समजतं. एका मशीनची किंमत तिथल्या शेतकरी कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी. ते हरवलं तर जबाब कोण देणार? मुख्याध्यापक. डेड स्टॉक रजिस्टरवर ज्याची सही, त्याच्या पोटात गोळा. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे चार टॅब आले होते. खोके फोडून चार्ज करून पाहिले, फोटो काढून वर पाठवले आणि पाचव्या दिवशी ते लोखंडी कपाटात गेले. किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि वसुली पेन्शनमधून झाली असती.

दुसरी गोष्ट वीज. मोहीम सुरू झाली तेव्हा रवांडात शंभरातल्या सहा-सात घरांतच वीज होती आणि ती बहुतेक शहरांत. ज्या शाळांत वीज पोचली तिथेही वर्गात पिन लावायला एखाद-दुसरंच ठिकाण. पन्नास लॅपटॉप, बॅटरी दोन-तीन तासांची, पाळ्या दोन. सकाळच्या तुकडीने वापरले की दुपारच्या तुकडीसाठी ते मेलेले. चार्जिंगला लावायचे कोणी, काढायचे कोणी, कधी? हे काम कोणाच्याच वेळापत्रकात नव्हतं.

तिसरी गोष्ट भाषा, आणि माझ्या मते सगळ्यांत जड तीच. रवांडात जवळजवळ सगळे किन्यारवांडा बोलतात. एका देशाची एकच मातृभाषा, असं भाग्य आफ्रिकेत फार थोड्या देशांना आहे. शाळेत वरच्या वर्गांना फ्रेंच चालायची. २००८ च्या ऑक्टोबरात सरकारने ठरवलं की शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. पुढच्या वर्षापासून अंमल. फ्रेंचमध्ये शिकलेला शिक्षक रातोरात इंग्रजीत शिकवू लागला. २०११ मध्ये पहिली ते तिसरी पुन्हा किन्यारवांडात आणली, २०१९ मध्ये पुन्हा इंग्रजी. म्हणजे लॅपटॉप आले त्याच वर्षांत वर्गातली भाषा हलत होती. चौथीतल्या मुलापुढे नवं यंत्र, त्यात नवी भाषा, आणि समोरचा शिक्षक दोन्हींत नवखा. अशा वेळी मूल शेजारच्याला काय समजावणार? चित्र कुठे काढायचं ते हाताने दाखवता येतं. अपूर्णांक समजावायला शब्द लागतात.

‘शेजार’ पडद्याचंही एक दुखणं होतं. लॅपटॉप एकमेकांना थेट जोडण्याची युक्ती विरळ वस्तीसाठी, टेकडीवरच्या घरापासून पलीकडच्या घरापर्यंत, अशी कल्पिलेली. एकाच खोलीत पन्नास-साठ लॅपटॉप सुरू झाले की तो गलका झेपेना, जोडणी तुटे. लॅपटॉप घरी गेलेच नाहीत म्हणून ते एकाच खोलीत गोळा झाले, आणि एका खोलीत गोळा झाले म्हणून ती जोडणी चालली नाही. पुढच्या मॉडेलमध्ये त्या जोडणीची खास चिपच काढली गेली. मला या प्रकरणातली सर्वांत खेदाची गोष्ट हीच वाटते.

२०१४-१५ च्या सुमाराला सरकारने वाट बदलली. पॉझिटिव्हो बीजीएच या दक्षिण अमेरिकी कंपनीने किगालीत लॅपटॉप जोडणी सुरू केली आणि धोरण ‘स्मार्ट क्लासरूम’कडे वळलं: माध्यमिक शाळेत सज्ज खोल्या, तिथे ठरावीक लॅपटॉप, वर्गांनी पाळीपाळीने यायचं. प्रत्येक मुलाला एक, ही भाषा हळूहळू मागे पडली.

दहा आठवड्यांचे पाहुणे

याच प्रकरणाला लागून आणखी एक प्रयोग झाला, त्यावर थोडं थांबतो. २००९ च्या जूनमध्ये जगभरातल्या विद्यापीठांतले तरुण किगालीत जमले. साधारण तीस गट. प्रत्येक गटाला शंभर लॅपटॉप आणि दहा हजार डॉलर. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेऊन हे गट आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत एकेका गावी गेले. स्थानिक संस्था सोबत हवी, अशी अट होती. सुट्टीचे नऊ-दहा आठवडे तिथे राहायचं, मुलांना शिकवायचं, परतायचं.

मला या पोरांबद्दल आदर आहे. परक्या गावात पिन शोधत, वायरी ओढत, उन्हात मुलांशी खेळत त्यांनी सुट्टी घालवली. पण दहा आठवड्यांत काय होतं ते मला शिकाऊ शिक्षकांच्या सरावपाठांवरून माहीत आहे. पाहुणा असतो तोवर वर्ग चैतन्याने भरतो. तो गेल्यावर जे राहतं ते त्याने कोणाला तयार केलं त्यावर. शंभर मुलांना थोडं थोडं शिकवण्यापेक्षा दहा मुलांना ‘शिकवायला’ शिकवलं असतं तर ऑगस्टनंतरही गाव चाललं असतं.

शेजाऱ्याची व्यवस्था

मूल मुलाला शिकवतं हे इतकं डोळ्यांसमोर घडतं की ते व्यवस्थेशिवाय घडतं असं आपल्याला वाटू लागतं. रवांडाच्या मोहिमेत मला हीच चूक दिसते. लॅपटॉपसाठी करार होता, कारखाना होता, जहाज होतं, रजिस्टर होतं. शेजारी बसून शिकवणाऱ्या मुलासाठी काहीच नव्हतं. त्याने कोणाला शिकवायचं, कधी, काय आणि कोणत्या भाषेत, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मोहीम रवांडाहून मोठी होती तिथलं मोजमाप झालेलं आहे. पेरूने आठ लाखांवर एक्सओ वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये जाहीर केला. सव्वा वर्षाच्या वापरानंतर गणितात आणि भाषेत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक दिसला नाही. तर्काच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली. मुलं यंत्र शिकली, पण त्यातून वाचणं-मोजणं शिकली नाहीत.

आता याच्या उलट बाजूचं एक उदाहरण, आणि ते आपल्या घराजवळचं. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने झोपडपट्टीतल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घ्यायची आणि जिथे अडलीत तिथून सुरू करायची. महिन्याला मानधन पाचशे-साडेसातशे रुपये. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा काटेकोर अभ्यास केला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागच्या मुलांची सर्वांत जास्त.

बडोद्यात त्याच वेळी आणखी एक प्रयोग होता आणि आपल्या विषयाला तो थेट लागतो. गुजरात सरकारने महानगरपालिकेच्या शाळांना चार-चार संगणक दिले होते. बहुतेक पडून होते. ‘प्रथम’ने त्यांत गणिताचे खेळ घातले आणि चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास बसवलं. एका संगणकावर दोन मुलं. वेळ ठरलेला, मदतनीस हजर, मूल ज्या पायरीवर आहे त्या पायरीचा खेळ. दुसऱ्या वर्षाअखेर मधल्या मुलाने शंभरात पन्नासाव्या जागेवरून अडुसष्टाव्या जागेवर जावं एवढी गणिताची प्रगती मोजली गेली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा भाग विरला, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. म्हणजे ही गोळी एकदाच घेऊन चालत नाही.

दोन मुलांना एक यंत्र. गरिबी म्हणून नव्हे, मी आज नवं यंत्र मिळालं तरी तसंच बसवीन. एक बोलतो, एक हात चालवतो.

ही बालसखीची रीत पुढे आफ्रिकेत गेली. घानामध्ये २०१० नंतर स्थानिक तरुणांना मदतनीस नेमून मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवण्याचा प्रयोग झाला आणि त्याचा उपयोग झाला. झांबियात सरकारनेच ही पद्धत शाळांत नेली. मुंबईच्या वस्तीतली युक्ती झांबियाच्या खेड्यात पोचली, याचा मला फार आनंद वाटतो. तिला जहाज लागलं नाही.

टांझानियाचं उदाहरण यंत्राच्या बाजूने बोलतं, म्हणून तेही मांडतो. २०१७ च्या डिसेंबरपासून सव्वा वर्ष टांगा भागातल्या सुमारे १७० गावांत साधारण २७०० मुलांना टॅब दिले गेले. ग्लोबल लर्निंग एक्स्प्राइझ या स्पर्धेची ती मैदानी परीक्षा. या मुलांपैकी ७४ टक्के कधी शाळेत गेली नव्हती आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना स्वाहिलीतला एकही शब्द वाचता येत नव्हता. सव्वा वर्षानंतर अजिबात वाचता न येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. २०१९ च्या मेमध्ये किटकिट स्कूल आणि वनबिलियन या दोन गटांना बक्षीस विभागून मिळालं. अंतिम पाचांत बंगळुरूचा चिंपलही होता.

रवांडाशी ताडून पाहिलं तर तिथलं वेगळेपण लगेच दिसतं. टॅबमधली भाषा स्वाहिली, म्हणजे मुलांच्या ओळखीची. धडे आधीच बसवलेले, पायरीपायरीचे. प्रत्येक गावात सौर चार्जिंगचं ठिकाण. आणि प्रत्येक गावात एक बाई नेमलेली, जिला सगळे ‘टॅब्लेट मामा’ म्हणत; स्वाहिलीत मामा म्हणजे आई. टॅब चार्ज होतायत का, मुलांच्या हातात आहेत का, हे ती बघायची. शिकवणं तिचं काम नव्हतं. पण कपाटाची किल्ली कोणाकडे, या प्रश्नाला त्या गावात उत्तर होतं.

खैरात, तालुका कर्जत

हेच हिरव्या कानांचे लॅपटॉप महाराष्ट्रातही आले होते. २००६ मध्ये केंद्र सरकारने मोहिमेला नकार दिला. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, अशी तेव्हाची भूमिका होती. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत भारतातला पहिला प्रयोग झाला. विशीच्या आसपास मुलं, पहिली ते चौथी एकाच खोलीत, एक शिक्षक. मुलं लॅपटॉप घरी न्यायची.

मला रवांडाच्या दोन लाखांपेक्षा हे वीस जास्त शिकवतात. एकशिक्षकी शाळेत मोठ्याने धाकट्याला शिकवणं ही सवय आधीपासून असते. शिक्षक चौथीकडे असताना पहिलीला कोणीतरी सांभाळतंच. यंत्र त्या सवयीवर येऊन बसतं. साठ मुलांच्या, दोन पाळ्यांच्या वर्गात ती सवयच नव्हती. तिथे प्रत्येक मूल पुढे तोंड करून शिक्षकाकडे बघत बसलेलं, शेजारी मान वळवली तर ओरडा खायचा. लॅपटॉप आल्यावर त्याच मुलाने अचानक शेजाऱ्याकडे वळावं, ही अपेक्षा होती.

म्हणून रवांडातल्या त्या चारशे शाळांसाठी मला कोणी विचारलं असतं तर मी लॅपटॉप निम्मे घ्यायला सांगितलं असतं. उरलेल्या पैशात शाळेमागे दोन तरुण मुली नेमायच्या, गावातल्याच, किन्यारवांडात बोलणाऱ्या. सकाळची पाळी सुटल्यावर आणि दुपारची भरण्याआधी जो मधला अर्धा-पाऊण तास मिळतो, तो सहावीच्या मुलांनी चौथीच्या मुलांसोबत घालवायचा. किल्ली त्या मुलींकडे. यंत्र हरवलं तर एका माणसावर वसुली नाही, हे आधी लिहून द्यायचं.

आमच्या शाळेत सध्या तीन टॅब चालू आहेत आणि एकोणीस मुलं. मंगळवारी आणि गुरुवारी परिपाठानंतर अर्धा तास जोड्या बसतात. नियम एकच आहे, आणि तो बसवायला दीड महिना गेला: शिकवणाऱ्याने टॅबला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं. आधी पोरं चुळबुळायची, न राहवून बोट पुढे करायची. मग चौथीतल्या त्या चिंचोकेवालीने उपाय काढला: शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून बसायचं. आता तीनही टॅबांभोवती एकेक मूल हात मागे घेऊन, मान पुढे काढून, ‘खालचं, खालचं, त्याच्या शेजारचं’ असं सांगत असतं. कोणी कोणाला काय शिकवलं ते मी एका वहीत लिहितो.

दिवाळीनंतर सहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. चिंचोकेवाली त्यांत आहे. तिच्याकडे शिकणारी दोन पोरं कोणाकडे द्यायची, त्याची यादी मी या आठवड्यात करतोय. तिसरीतला एक मुलगा तिने मला सुचवलाय. तो हळू बोलतो म्हणाली, पण हात मागे ठेवतो.